झेंडूखालचा व्हॉल्व्ह

१८ ऑक्टो. ९९, सोम., खंडेनवमी
स. ड्यूटी. धावपट्टीची आमची अग्निशमन गाडी धुतली, तिच्याच पंपाने. पाण्यात फेस येऊ नये म्हणून फोमचा व्हॉल्व्ह तेवढा बंद केला. मेव्हण्याने मखमलाबादहून दोन टोपल्या झेंडू पाठवलेला. लता म्हणाली, "सगळा विमानतळालाच घाला, घराच्या दाराचं काय." फुलं तिच्या माहेरची, ऐकून घेतलं. तोरणापुरता ठेवून दिला. गाडीला, शिडीला, कुऱ्हाडींना हार. एक उरला तो मीच व्हॉल्व्हच्या दांड्याला गुंडाळला. आमचे ड्रायव्हर कदमकाका, त्यांनी नारळ फोडला. गाडी अशी नटली की गेटवरचे पोलीस येऊन फोटो काढून गेले.

१९ ऑक्टो., मंगळ., दसरा
पुजलेल्याला सोनं वाटेपर्यंत हात लावायचा नाही, ही आमच्या स्टेशनची जुनी रीत. घंटा झाली तरच. म्हणून सकाळची तपासणी नजरेनेच. मी रजिस्टरात रोजच्यासारखं लिहिलं: पाणी ठीक, फोम ठीक, व्हॉल्व्ह उघडा. खाली ड्रायव्हर म्हणून कदमकाकांची सही.

दु. ३-२० घंटा. छोटं विमान, आत सहा माणसं, पुढचं चाक उतरल्याचा दिवा लागेना. दोन मिनिटांत धावपट्टीच्या कडेला. मी टपावर, फोमची तोफ धरून. विमान दोनदा डोक्यावरून गेलं. खिडकीत एक बाई दिसली, निदान मला तरी दिसली. तिसऱ्या फेरीला उतरलं. सरळ. चाक ठीक होतं, बल्ब गेला होता. सगळे हसले, मीपण.

परत आल्यावर हार उतरवायला गेलो. दांडा आडवा. आडवा म्हणजे बंद.

पेटलं असतं तर मी नुसतं पाणी मारलं असतं. पेट्रोलवर पाणी. आग सगळीकडे पसरवली असती, आणि ती सहा माणसं...

उघडला. कोणी पाहिलं नाही. सगळ्यांनी सोनं दिलं, मी घेतलं.

२० ऑक्टो., बुध.
सुट्टी. सातपूरच्या शाळेची घंटा झाली आणि मी ताटावरून उठून उभा. लता बघतच राहिली. गॅसचं बटण चारदा तपासलं. "आता हातात येईल ते," म्हणाली. तिला सांगवेना. घाबरलोय. काही झालं नाही, मग कशाला घाबरलोय? माझ्याच हातांना, बहुतेक.

२२ ऑक्टो., शुक्र.
साहेब खूश. दोन मिनिटांत पोचलो म्हणून शाबासकीचं पत्र वर पाठवणार, माझं आणि कदमकाकांचं नाव घालून. सोबत दसऱ्याच्या रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स. कदमकाका महिनाअखेर रिटायर. साहेब त्यांना म्हणाले, "जाता जाता चांगलं झालं, काका." ते लाजले.

सांगावं तर त्या पानावर त्यांचीही सही. चौकशी लागली की त्यांचे पेन्शनचे कागद अडकणार. न सांगावं तर ते पान खरं म्हणून वर जाणार, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा कोणीतरी नजरेनेच...

२५ ऑक्टो., सोम.
कदमकाकांना सांगितलं. गाडीच्या मागे, चहाचा ग्लास हातात. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. माणूस फुटपाथवर बसतो तसे गाडीच्या पायरीवर बसले.

"म्हंजे तवा फोम नव्हताच?"

नव्हता.

"मी तुझं अक्षर बघून सही केली रं. लय वर्सं झाली, कधी हात लावल्याबिगर सही नाय केली, दसऱ्याला बी गुपचूप लावायचो. त्या दिशी केली."

रागावले असते तर बरं झालं असतं. चहा तसाच ओतून दिला आणि बसने वणीला घरी गेले.

२६ ऑक्टो., मंगळ.
स. ७ वा. मी पोचायच्या आधीच कदमकाका गाडीपाशी. व्हॉल्व्ह बंद करायचे, उघडायचे. बंद, उघडा. माझ्याकडे बघितलं नाही. नंतर मीपण तेच केलं. हातात दांडा उभा लागला होता, तरी खात्री वाटेना.

दुपारी हळूच विचारलं, काका, पत्राचं काय करायचं?

"घरी बोल्लो नाय अजून," एवढंच.

२८ ऑक्टो., गुरु.
स. १०-५०. साहेबांच्या केबिनबाहेर, बाकावर. इथेच लिहितोय, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. अकराला पत्र वर जाणार, त्याआधी झेरॉक्सवर आम्ही दोघांनी सही करायची. खिशात तो सुकलेला हार आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून. कशाला आणला, माहीत नाही.

कदमकाका शेजारी. कडक इस्त्रीचा गणवेश, बूट चकचकीत. मी म्हटलं, काका, तुम्ही आत येऊ नका, खरं काय ते मी एकटा सांगतो. व्हॉल्व्ह मी बंद केला, लिहिलं मी. तुमचे तीन दिवस राहिलेत.

"सही माझी हाय," म्हणाले. मग, "घरी बोल्लो काल. ती म्हनली, जावा."

शिपायाने दार उघडलं. आतून साहेबांचा आवाज, "एकेक जण या."

आम्ही दोघंही उठलो.