सरदारची जखम

विश्रामबाग, सांगली
११ ऑगस्ट २०२५

ती. वन्संना,
चारुशीलाचा साष्टांग नमस्कार.

पाकीट पाहूनच तुमच्या कपाळाला आठी पडली असणार. हातात मोबाइल असताना वहिनीला पत्राची हौस कुठून आली, असंच ना? सांगते. फोनवर पहिली दोन वाक्यं माझी असतात आणि बाकीची सगळी तुमची. मला एकदा शेवटपर्यंत बोलायचंय, म्हणून हा उद्योग.

इकडे सगळं ठीक. हे सकाळी फिरून येतात. बायपासनंतरच्या गोळ्या वेळेवर घेतात, म्हणजे मी घ्यायला लावते. कृष्णेचं पाणी चढलंय, पण आपल्या बाजूला काळजी नाही. राजसचं बँकेचं ऑडिट चालू आहे, त्यामुळे तो घरात असून नसल्यासारखा. तिकडे भावजींचा गुडघा कसा आहे? साताऱ्याच्या थंड हवेत दुखत असेल. तेल लावताना कुरकुर करू नका म्हणावं.

आता माशाचं. सरदारला लागलं हे तुम्हाला माहीत आहे, पण अर्धंच माहीत आहे.

तुम्ही त्याला 'ते धूड' म्हणता. बायपासनंतर वडिलांचं मन रमावं म्हणून राजसनं हा अरोवाना आणला, तेव्हा तो बोटाएवढा होता. आता हातभर लांब झालाय, अंग चांदीसारखं, आणि दिवाणखान्याची एक भिंत त्याच्या टाकीनं गिळली आहे. हे सकाळचा पेपर त्याला मोठ्यानं वाचून दाखवतात. मला लग्नानंतर एकदाही दाखवला नाही. जात शिकाऱ्याची, त्याला कोळंबी लागते. ती ठेवायला गॅलरीत वेगळा छोटा फ्रीज आला, तेव्हा तुम्ही काय काय बोललात ते मी इथे लिहीत नाही.

दिसायला एवढा रुबाबदार, पण स्वभावानं फार बुजरा. दार आपटलं, सावली हलली, की उसळी मारतो. म्हणून झाकणावर कायम वजन ठेवायचं, असं अंकितानं लग्न होऊन आली तेव्हापासून बजावलं होतं. जनावरांची डॉक्टर सून, तिला सवय असते बजावायची, असं म्हणून मी अर्धं ऐकायची.

त्या संध्याकाळी वीज गेली. हवेचा पंप बंद पडला. बिचारा गुदमरेल म्हणून मीच झाकण बाजूला सारलं आणि देवापाशी दिवा लावायला गेले. तेवढ्यात वीज आली. सगळे दिवे एकदम लागले आणि धप्पकन आवाज झाला. सरदार टाकीच्या कडेवर आपटून खाली फरशीवर पडला होता आणि सोफ्याच्या पायावर अंग हापटत होता. हे खुर्चीतून उठले ते छातीला हात लावून तसेच उभे राहिले. वन्सं, त्यांचा चेहरा पाहिला आणि मला मासा दिसेनासा झाला.

दोरीवरचा कोरडा टॉवेल ओढून मी त्याला गच्च गुंडाळलं आणि टाकीत सोडलं. टॉवेलला खवले चिकटून आले. एका कुशीवरची कातडी सोलून लाल झाली होती, जबडा खरचटला होता, एक डोळा पांढुरका दिसत होता. मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, "हळद लाव. सांगलीत राहून हेही मीच सांगायचं का?"

मी लावली. आपल्याकडे कापलं, भाजलं, खोकला झाला, लग्न ठरलं, सगळ्याला हळदच. डब्यातली मूठभर घेतली, टाकीत हात घातला आणि जखमेवर चोळली. क्षणात पाणी पिवळंधमक झालं. सरदार दिसेना. मग दिसला तो पाण्याच्या वर तोंड काढून, श्वासासाठी जबडा उघडझाप करताना.

अंकिता तेव्हाच दवाखान्यातून आली. कुणाची तरी गाय अडली होती, कपड्यांवर शेणाचे शिंतोडे होते. दारातूनच तिनं टाकी पाहिली. आता ही विचारणार, हे कुणी केलं, म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. तिनं बादल्या मागितल्या.

निम्मं पाणी तिनं काढलं आणि पिंपात साठवलेलं शिळं पाणी हळूहळू घातलं. नळाचं ताजं चालत नाही, त्यातल्या क्लोरिननं सोललेल्या अंगाची आग होते. फिल्टरच्या स्पंजातून हळदीचा लगदा निघाला. मग खडेमीठ विरघळवून थोडं थोडं सोडलं, दिवे मालवले आणि काचेवर जुनी चादर टाकली, म्हणजे तो पुन्हा बुजून आपटू नये. जेवण बंद. मी औषधाचं विचारलं तर म्हणाली, "आई, आधी पाणी. लय खरडलाय तो, पण पाणी चांगलं राहिलं तर निम्मं दुखणं त्याचं तोच बरं करील. आणि एक सांगू का, मला माशाचं फारसं काही येत नाही. म्हशीचं येतं."

हे तिनं यांच्यादेखत सांगितलं. डॉक्टरच्या तोंडून असं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. आपले वाईचे डॉक्टरकाका तरी कधी म्हणाले का, मला हे येत नाही म्हणून?

यांनी विचारलं, पाणी पिवळं कशानं झालं होतं. ती म्हणाली, "फिल्टर तुंबला होता, बाबा." एवढंच. कशानं तुंबला ते तिनं ना यांना सांगितलं, ना राजसला, ना मला कधी टोमण्यातून ऐकवलं. मी तिच्या जागी असते तर वर्षभर पुरवून पुरवून ऐकवलं असतं.

पुढे जखमेवर कापसासारखी बुरशी धरली. हे जेवेनात. मला म्हणाले, "चारू, तो गेला तर टाकी त्याच दिवशी उचला, मला रिकामी बघवणार नाही." मत्स्य महाविद्यालयात शिकलेली अंकिताची एक मैत्रीण आहे, तिला ती रोज फोटो पाठवून विचारायची. शेवटी दोघींचं ठरलं, गुंगी देऊन जखम साफ करायची. त्यात मासा जागाच झाला नाही, असंही होऊ शकतं, हे अंकितानं यांना समोर बसवून सांगितलं. यांनी मानेनंच होकार दिला.

माशाला धरायला खात्रीचा माणूस हवा म्हणून तिनं शिराळ्याहून वडिलांना बोलावलं. लालासाहेब फौजेतून हवालदार होऊन आलेले, हात फावड्यासारखे. मला धडकीच भरली. पण नागपंचमीला नाग धरणाऱ्या शिराळ्याच्या माणसाला वळवळणारा जीव कसा धरावा हे सांगावं लागत नाही. मला म्हणाले, "धरायचं न्हाई, विहीणबाई. नुसता खालनं हात द्यायचा. दाबलं की गेलं."

टबातल्या पाण्यात लवंगेचं तेल मोजून घातलं होतं. सरदार सुस्त झाल्यावर लालासाहेबांनी त्याला ओल्या कापडावर तोललं. मी तांब्यानं त्याच्या कल्ल्यांवर टबातलं पाणी सोडत राहिले. अंकितानं जखम पुसली, आयोडीन लावलं. त्याचा एकही थेंब कल्ल्यात जाऊ नये म्हणून तिनं श्वास धरला होता, मला दिसत होतं. मग त्याला टाकीत सोडलं आणि तो कुशीवर कलंडला, तसाच राहिला.

हे भिंतीला टेकून उभे होते. अंकितानं खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, सरदारच्या पोटाखाली तळवा धरला आणि त्याला पंपाच्या धारेसमोर हळूहळू पुढे ढकलत राहिली, तोंडात पाणी जावं म्हणून. "चल बाळा," म्हणत होती. तेच ती अडलेल्या गाईलाही म्हणत असेल. बराच वेळ गेला. लालासाहेब म्हणाले, "दमलीस, मी धरू?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. मग कल्ला हलला, पुन्हा हलला, आणि सरदार तिच्या तळव्यावरून आपला आपण निघाला. हे तिथेच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

वन्सं, मला त्या पोरीचा अभिमान वाटला, आणि तो मी तुम्हाला उघड सांगते आहे. येत नाही ते येत नाही म्हणायचं, शिकून घ्यायचं, आणि वेळ आली की हात मागे घ्यायचा नाही. असं माणूस मी आपल्या घरात दुसरं पाहिलेलं नाही, त्यात मी आले आणि तुम्हीही आलात.

सरदार आता कोळंबी खातो. डोळा स्वच्छ झाला, नवे खवले येताहेत, जबडा जरासा वाकडा राहिला. हे त्याला पुन्हा पेपर वाचून दाखवतात.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

त्या दिवशी निघताना लालासाहेब जिन्यात थांबले. म्हणाले, "पोर सांगायची न्हाई, म्हणून मी सांगतो. पाटणला बदलीचा अर्ज दिलाय तिनं. जावई बी तयार हाईत. गौरीच्या आधी सुटलं तर बरं, म्हंती." मी विचारलं, का? तर म्हणाले, "आवं, ते तुमास्नी ठावं असंल."

मला ठाऊक होतं. तुम्हालाही आठवत असेल. गेल्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात मला म्हणालात, "ज्या हातानं ती म्हशीच्या पोटात शिरते, त्या हातचं पुरण नैवेद्याला नको. तिला बाहेर हळदीकुंकवाला बसव." ती मागच्या मोरीत हात धूत होती. सगळं ऐकलं तिनं. तेव्हापासून ती भाजी चिरते, भांडी लावते, पण पिठाला हात लावत नाही. मी स्वतःची समजूत घालत होते, दमून येते म्हणून.

परवा तिला थेट विचारलं. ती म्हणाली, "आई, तुमच्याबद्दल तक्रार नाही. पण दरवर्षी सणाला बाहेर बसायचं, हे मला नाही जमायचं." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

वन्सं, या घरात कोळंबीचा फ्रीज आला, तेव्हा तुम्ही दोन दिवस रुसलात आणि तिसऱ्या दिवशी भावासाठी गप्प बसलात. मेलेली कोळंबी चालली. आणि वासराला जिवंत बाहेर काढणारा हात चालत नाही? कुठली गौर असं म्हणेल, मला सांगा.

तर यंदा पुरण अंकिता शिजवणार आणि नैवेद्याचं ताट तीच वाढणार. मी तिला तसं सांगितलं आहे. ती अजून हो म्हणालेली नाही. "आणि आत्या?" एवढंच विचारलं तिनं. त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं. तिला फोन करा. मोठ्या नणंदेनं माफी मागावी असं मी म्हणणार नाही. नुसतं विचारा, पुरणात जायफळ घालणार आहेस की वेलची. तिला कळेल, हुशार आहे.

तेवढं होणार नसेल, तर यंदा तुम्ही येऊ नका. यांना वाईट वाटेल, मी त्यांना सांभाळीन. तुमच्याशिवाय या घरात गौर कधी बसली नाही, हे मी विसरलेले नाही. पण दोघींतली एकच राहणार असेल, तर ती कोण हे माझं ठरलेलं आहे.

भावजींना नमस्कार. फोनची वाट पाहते आहे, मला नव्हे, तिला येणाऱ्या.

अंकिताची सासू,
चारुशीला