पुलावरची टवाळी

फिलिन्ना पोरी,

एल्युसिसला जाऊन डिमीटर देवीची दीक्षा घेतली. आत काय पाहिलं ते सांगायला बंदी आहे, म्हणून वाटेतलं सांगते.

यात्रा पुलावर आली की टवाळ माणसं तोंडं झाकून शिव्या घालतात, ते तुला ठाऊकच आहे. त्यांतली एकजण माझ्यावर ओरडली, "ही बघा, डिमीटर देवी आली! जावई मुलीला सिसिलीला घेऊन गेला, तर त्याला पाताळाचा राजा म्हणत फिरते. अगं, आधी आपल्या मिशा बघ!" आवाज शेजारच्या ग्लिकेराचा होता. तू गेल्यापासून मी हसले नव्हते. तिथे इतकी हसले की डोक्यावरची पानांची माळ गळ्यात आली.

पाताळाच्या राजाने लेक पळवली तेव्हा देवीसुद्धा अशाच चावट बोलण्याला हसली, आणि मगच तिने उपास सोडून सातूचं पाणी घेतलं. लेक तिलाही वर्षातले काही महिनेच मिळते. आणि मी मेलीने तुला कळवलं होतं, "येशील तर कायमची ये!"

मेणाच्या पाटीवरचं हे पत्र पुसून टाकते. लिहीत राहिले तर आतलंही सांगून बसेन. सिसिलीला निघालेल्या जहाजाच्या तांडेलाबरोबर निरोप तेवढा धाडते: "ये. परत कधी जाणार, ते विचारणार नाही."

तुझी,
मिशीवाली आई