पंख्याखालची कॉट

ती. दादा,

इथूनच पायाला हात लावतो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क हाय, फोनवर बोलता येत न्हाई, म्हणून रिकाम्या डब्यासंगं ही चिठ्ठी धाडतोय.

छातीतला कफ सुटतोय. सकाळी अर्धी भाकरी खाल्ली. कांद्याला पाणी दिलं का? वहिनींचे गुडघे कसे हायेत?

आल्या दिवशी मी इथं भांडलो व्हतो. सिस्टरच्या टेबलाजवळ, पंख्याखाली एक कॉट हाय. ती मला न देता शिनोलीच्या एका गुरुजींना दिली. मला वाटलं, त्यांचा वशिला असंल. आपल्या लोणी गावचा इथं कोण हाय? गुरुजी चांगले हसत-बोलत व्हते. दुसऱ्या दिवशी त्यांना आयसीयूत नेलं. पुढं काय झालं, ते कुणी सांगत न्हाई.

मग सिस्टरनं मला समजावलं. श्वास, रक्त, छातीचा फोटो बघून कोण खालावणार, ह्याचा अंदाज डॉक्टर आधीच बांधतात. तो पेशंट नजरंसमोर ऱ्हावा म्हणून ती कॉट. म्हणाल्या, पेशंटला सोताला कायबी कळत नसतं.

ते खरं हाय. मला काहीच वाटत न्हाई. भीतीबी न्हाई.

आज सकाळी न मागता मला त्या कॉटवर हलवलं. वारं लई चांगलं लागतं.

घरी माझ्या अश्विनीच्या आईला एवढंच सांगा, की आपलाबी वशिला लागला.

तुमचा धाकटा,
अमृत