न पाहता केलेली सही

इंदिरा नगर, लखनौ
४ जुलै

तीर्थरूप आजोबांस,
शर्वरीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मशीन कानात घालायला तुम्ही तयार नाही, म्हणून हे पत्र. चुकांवर लाल गोल करून ठेवाल हे ठाऊक आहे, तरी धीर करते.

एम.ए.चं पहिलं वर्ष पार पडलं. क्रिमिनल जस्टिस म्हणजे गुन्हा घडल्यापासून न्याय होईपर्यंत आणि त्याच्याही पुढचं सगळं, हे इथे सांगून सांगून मी थकले. समोरचे शुक्लाजी अजूनही भेटले की दरोगा, म्हणजे आपल्याकडचा फौजदार, कधी होणार म्हणून विचारतात आणि आईच्या भिशीतल्या बायका मला पाहून पर्स जवळ ओढून घेतात.

आता दुसऱ्या वर्षासाठी खास शाखा निवडायची आहे. फॉरेन्सिक घेतलं तर प्रयोगशाळेत नोकरी. सायबर घेतलं तर बाबांच्या बँकेसारख्या ठिकाणी फसवणूक पकडायची. पीडितांना मदत करण्याचीही एक शाखा आहे. पण मला हवी आहे ती कारागृह आणि पुनर्वसन. तुरुंगातल्या माणसांबरोबर काम करायचं आणि ती सुटली की त्यांचं बस्तान पुन्हा बसवायला मदत करायची. मनापासून हवी आहे, आजोबा. आई हो-नाहीच्या मध्ये लोंबकळते आहे आणि बाबांनी तुमच्यावर सोपवून हात झटकले. अण्णा म्हणतील ती पूर्व दिशा, म्हणे. फॉर्म आठ ऑगस्टपर्यंत भरायचा आहे.

आजीला नमस्कार. तिच्या बेसनाच्या लाडवांची इथे रोज आठवण निघते. मीच काढते. लोभ आहेच, तो उत्तर लवकर येण्याइतका वाढवावा.

आपली,
शर्वरी

वाई
११ जुलै

चि. शर्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका. लखनौत वाढलेल्या मुलीला अकरा माफ आहेत, बाराव्या चुकीला मात्र अंगठे धरून उभं केलं असतं.

नात गुन्ह्यांचा अभ्यास करते हे मी कट्ट्यावर अभिमानाने सांगतो. रमाकांतने विचारलं, करायचे शिकवतात की पकडायचे? त्याला सांगितलं की दोन्ही येत असल्याशिवाय पदवी मिळत नाही. तेव्हापासून तो तुझी चौकशी आदराने करतो.

तू फॉरेन्सिक घे. पांढरा कोट, गार खोली आणि समोर कधीही उलटून न बोलणारी काचेची नळी. तुरुंगाचं मात्र पुन्हा नाव काढू नकोस. कारण विचारू नकोस. चाळीस वर्षं मास्तरकी केली, एवढा एक हुकूम सोडायचा हक्क मला आहे.

आजीने कुरिअरने तीस लाडू धाडले आहेत. तुझ्या बाबाची, धनंजयची, साखर वाढली आहे, तेव्हा त्याला दिवसाला अर्धा, असा आमच्या सौ. लीलावतीबाईंचा आदेश आहे. खुशाली कळवत राहा.

तुझा,
आजोबा (भास्कर)

इंदिरा नगर, लखनौ
२० जुलै

तीर्थरूप आजोबांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

मंगळवारी लाडू आले आणि बुधवारी संध्याकाळी घरात गुन्हा घडला. डब्यात बावीस उरले. चार मी खाल्ले, कबूल. आई गोडाला हात लावत नाही. उरलेले चार कुठे गेले? बाबा पेपरमागे तोंड लपवून बसले होते आणि त्यांच्या मोबाइलवर बेसनाचा अंगठा उमटला होता.

मी रीतसर पंचनामा केला. इकडे पोलीस त्या कागदाला फर्द म्हणतात. पंच म्हणून दोन बाहेरची माणसं लागतात, त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहून मगच सही करायची. खालच्या हिमानी भाभींनी दोनदा लाडू मोजले, सही केली आणि एक लाडू फी म्हणून उचलला. शुक्लाजी सब्जी आणायला निघाले होते. त्यांनी हेल्मेटसुद्धा न काढता, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही ठोकली. बिटियाने लिहिलंय तर ठीकच असणार, म्हणाले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्यांना वाटत होतं की सही गल्लीतल्या दिव्याच्या अर्जावर केली! वर्गात वाचून दाखवलं तेव्हा सर डोळे पुसेपर्यंत हसले. इतकी अस्सल फर्द आजवर एकाही विद्यार्थ्याने आणली नव्हती, असं म्हणाले.

बाबांनी गुन्हा कबूल केला. त्यांना कैद न देता प्रोबेशनवर सोडलं आहे. रोज अर्धा तास चालायचं, माझ्या देखरेखीखाली.

आता कामाचं. तुमच्या पाठीमागे मी काही करणार नाही. तुम्ही सांगाल तर फॉरेन्सिक भरीन आणि रडत भरीन. पण कारण न देता दिलेला निकाल टिकत नाही, असं आम्हाला शिकवलं आहे. तेवढं कारण कळवावं. लोभाबद्दल शंका नाही.

आपली,
शर्वरी

वाई
२७ जुलै

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

लाडवांचं वाचून आजी खूप हसली. मीही हसत होतो, शुक्लाजींपर्यंत.

१९९१ सालची गोष्ट. शाळेची घंटा व्हायला पाच मिनिटं होती आणि बाजारात हवालदाराने मला थांबवलं. बाबुराव नावाच्या हमालाच्या खोलीतून तांब्याची भांडी जप्त केली आहेत, पंच म्हणून सही हवी, म्हणाला. मास्तरांच्या सहीला वजन असतं, असंही म्हणाला. मला ते ऐकून बरं वाटलं. खोली पाहिली नाही, भांडी पाहिली नाहीत. सही केली. पुढे कोर्टात विचारलं, जप्ती तुमच्यासमोर झाली का? मी हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर भर कोर्टात मास्तर खोटा ठरला असता. बाबुरावला दीड वर्षाची कैद झाली. त्याने चोरी केली होती की नाही हे मला आजही ठाऊक नाही. मी काही पाहिलंच नव्हतं.

सुटून आल्यावर बाजारात त्याला कुणी ओझं उचलायला देईना. तो समोरून आला की मी गल्ली बदलायचो. तुरुंगाचं नाव काढू नकोस म्हणालो ते या भीतीने, की तिथे तुला कधी असाच कुणी भेटेल आणि एका मास्तराची गोष्ट सांगेल.

पोरी, तुला हवी ती शाखा घे. परवानगी देणारा मी कोण? हा हुकूम नाही, विनंती समज. लीलावतीला हे आज पहिल्यांदा सांगितलं. तिने माझं ताट वाढलं आणि स्वतःचं घेऊन स्वयंपाकघरात गेली.

तुझा,
आजोबा

इंदिरा नगर, लखनौ
४ ऑगस्ट

तीर्थरूप आजोबांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल फॉर्म भरला. कारागृह आणि पुनर्वसन.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, फार राग आला. मग रडू आलं. बाबांनीही वाचलं आणि एकटेच चालायला गेले, चांगले दीड तास. आईने शेवटी शुक्लाजींना शोधायला पाठवलं.

परवानगी देणारे तुम्ही कोण, असं तुम्ही लिहिता. मग तुम्हाला माफ करणारी मी तरी कोण? ते काम बाबुरावांचं. ते हयात आहेत का? असतील तर जा, आजोबा. आजीला बरोबर न्या. माझा तुमच्यावरचा जीव तसूभर कमी झालेला नाही, हे मात्र लिहून ठेवते.

आपली,
शर्वरी

वाई
१४ ऑगस्ट

चि. शर्वरीस,
अनेक आशीर्वाद.

बाबुराव हयात आहे. पाचवडला लेकीकडे असतो. आम्ही दोघं परवा एसटीने गेलो. वाटेत चार वेळा मला परत फिरावंसं वाटलं. चारही वेळा तुझ्या आजीने माझी पिशवी धरून ठेवली.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो पावट्याच्या शेंगा सोलत होता, सोलतच राहिला. मग म्हणाला, माहीत आहे गुरुजी, मी कोर्टातच होतो की. माफ केलं असं काही म्हणाला नाही. भांड्यांचं मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. त्याच्या लेकीने चहा दिला. लीलावती प्यायली, माझा तसाच राहिला.

निघताना त्याने विचारलं, नात काय शिकते? सांगितलं. त्याने सोललेले दाणे बाजूला सारले. मग म्हणाला, सुटलो त्या दिवशी फाटकाबाहेर आलो आणि एसटीचा थांबा कुठल्या बाजूला तेच कळेना. कुणाला विचारायची लाज वाटली. तासभर तिथेच भिंतीला टेकून उभा होतो. हे तिला लिहा, म्हणाला.

म्हणून लिहितो. तू तुरुंग बघायला जाशील तेव्हा आतलं सगळं बघशीलच. बाहेर आलीस की फाटकापासून थांब्यापर्यंत एकदा स्वतः चालून जा.

तुझा,
आजोबा