मेट्रोच्या जिन्याखालच्या ओळखी

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
आनंदवाडी पोलीस ठाणे,
घाटकोपर (पश्चिम), मुंबई.

अर्जदार : श्री. दादू किसन वाहुळ, वय ६३, पाणीखात्यातील सेवानिवृत्त लिपिक, राहणार समता चाळ, घाटकोपर (पूर्व).

विषय : मेट्रो स्थानकाच्या जिन्याखाली अनोळखी नागरिकांस थांबवून 'व्यवसायाची संधी' देऊ करणाऱ्या मंडळींना येत्या शुक्रवारपूर्वी हटवणे व त्यांच्यात सामील झालेल्या अर्जदाराच्या मुलीस घरी पाठवणे याबाबत.

संदर्भ : दि. २२ फेब्रुवारी रोजी ठाण्यात समक्ष केलेली तोंडी तक्रार व तीवर मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने एकतीस वर्षे नोकरीत इतरांचे अर्ज वाचले व त्यातले पाल्हाळ पाहून कपाळाला हात लावला. आता स्वतःवर पाळी आली तेव्हा अर्ज का लांबतो ते त्यास समजले आहे. तरी शेवटपर्यंत वाचावे.

१. सदर मंडळी सात-आठ जण असून सर्व तरुण आहेत. कपडे इस्त्रीचे, हातात डायरी. येणाऱ्या-जाणाऱ्यास "सर, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय" असे म्हणून थांबवतात. धंदा कसला, असे विचारल्यास "भेटून बोलू ना" एवढेच सांगतात. साबण, विमा की जमीन, हे अर्जदारास दीड तास ऐकूनही आजतागायत कळलेले नाही.

२. हा दीड तास अर्जदाराने स्वतःच्या घरात ऐकला. त्याचे असे झाले की, दि. ९ जानेवारी रोजी अर्जदार मॉलमध्ये पीठ घेत असता याच मंडळींतल्या एका जोडप्याने त्याच्या किल्लीला लावलेले अशोकचक्र पाहून "जयभीम काका" केले. जयभीमला उत्तर न देता पुढे जाणे अर्जदाराच्या रक्तात नाही. मग विचारपूस झाली. घरी कोण कोण असते, मुलगी काय शिकली, नोकरी कुठे, तिचा पुढचा विचार काय. "आम्ही चांगल्या घरची, होतकरू माणसं बघतोय. आमच्या सरांना घेऊन एकदा घरी येतो," असे ते म्हणाले. आता महोदय, मुलगी सत्तावीस वर्षांची. आणि स्थळ घेऊन येणारा माणूस पहिल्या भेटीत लग्नाचे नाव काढत नाही, असाच आडून आडून बोलतो, हे आपणही जाणता. अर्जदाराने आपल्या हाताने पत्ता लिहून दिला. त्याच संध्याकाळी मुलीचा बायोडाटाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यावर "खूपच छान प्रोफाइल" असे उत्तर आले व घरात आनंद झाला.

३. रविवार दि. १२ रोजी मंडळी आली. अर्जदाराची पत्नी सौ. शकु हिने पोहे केले होते. माहुलहून मेव्हणे प्रबुद्ध कोट घालून आले होते. मुलगी रश्मी तयार नव्हती, परंतु बापाच्या शब्दाखातर साडी नेसून बसली. सोबतचे 'सर' म्हणजे आकाश नावाचा तिशीतला तरुण निघाला. तो पत्नीस पसंत पडला. पोहे संपल्यावर त्याने भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून तेथे मोठा कागद चिकटवला व त्यावर एक गोल, खाली दोन, त्याखाली चार असे गोल काढले. हे मुलाकडचे चुलते का, असे मेव्हण्यांनी विचारले. तेव्हा हे स्थळ नसून माणसाखाली माणसे जोडण्याचा धंदा आहे, असा उलगडा झाला.

अर्जदाराने त्यांना त्याच क्षणी बाहेरची वाट दाखवायला हवी होती. परंतु ज्यांनी आपले पोहे खाल्ले त्यांना उठवायचे कसे, ही भीड आड आली. रश्मी उठू लागली असता अर्जदाराने तिला डोळ्यांनी दटावून बसवले, कारण पाहुण्यांसमोरून उठून जाणे बरे दिसत नाही. सबब तिने ते सर्व ऐकले. ही चूक सर्वस्वी अर्जदाराची आहे.

४. रश्मी खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सहा वर्षे तंत्रज्ञ आहे व गेल्याच वर्षी कायम झाली. तीन वर्षांत चार स्थळांनी तिला समोर बसवून पाहिले व फोनवर नकार कळवला. या आकाशने पहिल्याच भेटीत, "मॅडम, तुमच्यात काहीतरी आहे," असे सांगितले. तसे तिला घरात कधी कोणी म्हटले नव्हते. अर्जदारानेही नाही. याचे अर्जदारास फार वाईट वाटते.

दि. २९ जानेवारीस तिने या मंडळींत जाण्यासाठी राजीनामा दिला. त्याची मुदत शुक्रवार दि. २८ फेब्रुवारी रोजी संपते. तोवर तो मागे घेता येईल, असे तिच्या वरिष्ठ मृणालिनी मॅडम यांनी सांगितले आहे. त्यानंतर जागा भरली जाईल. दि. ८ फेब्रुवारीपासून रश्मी 'टीम'सोबत अंधेरीस राहते व घरचा फोन उचलत नाही. तिचे अलीकडचे छायाचित्र बायोडाटावरच आहे, तो अर्जास जोडला आहे.

५. "मुलगी सज्ञान आहे काका, रस्त्यात बोलणं काही गुन्हा नाही," असे उत्तर ठाण्यातून मिळाले. ते कायद्याने बरोबर असेल. म्हणून अर्जदाराने जिन्यासमोर तीन दिवस उभे राहून स्वतः मोजणी केली. एकूण सहाशे बारा पादचारी थांबवले गेले. त्यातले चौघे अडखळले व एका आजींची कोथिंबिरीची जुडी पडली. पादचाऱ्यांस अडथळा, हा तरी गुन्हा आहेच. तोही नसल्यास, शुक्रवारपर्यंत तो जिनाच दुरुस्तीसाठी बंद ठेवता येतो का ते पाहावे. लोक दुसऱ्या जिन्याने जातील.

६. काल दि. २४ रोजी मोजणी चालू असता रश्मी समोरून आली. प्रत्येकास रोज वीस नवी नावे लिहून द्यावी लागतात असे दिसते, आणि तिच्या मागे आकाश उभा होता. अर्जदारास पाहून ती थबकली. मग तशीच पुढे आली व म्हणाली, "नमस्कार सर, दोन मिनिटं आहेत का? घरी कोण कोण असतं?" बायको असते, एक मुलगी आहे, ती सध्या बाहेर असते, असे अर्जदाराने सांगितले. तिने मान खाली घालून लिहून घेतले. तिचा घसा बसलेला होता. तिने नाव विचारले, अर्जदाराने आडनावासकट पूर्ण सांगितले. "कळवते सर," म्हणून ती पुढच्या माणसाकडे गेली. अर्जदार तेथेच पायरीवर बसला. उठायला त्यास एका पोलीस शिपायाने हात दिला, त्याचे आभार.

७. सबब विनंती की, सदर मंडळींना गुरुवारपर्यंत तेथून हटवावे, आकाश यास बोलावून चौकशी करावी व रश्मीस महिला शिपायामार्फत जबाबासाठी बोलवावे. तक्रारदार सहसा आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती करतात. अर्जदाराची विनंती उलट आहे. तक्रार कोणी केली हे तिला आवर्जून सांगावे, हा अर्ज वाचायला द्यावा. ती चिडेल. लहानपणापासून ती चिडली की तडक घरी येते आणि बापाशी भांडते. गेले सतरा दिवस ती भांडलेली नाही. तिने एकदा येऊन भांडावे, एवढीच अर्जदाराची इच्छा आहे.

कळावे, घराचे दार उघडे ठेवून बसलेला,

आपला नम्र,
(सही)
दादू किसन वाहुळ
घाटकोपर, दि. २५ फेब्रुवारी २०२५