गॅसकेटची वरची बाजू

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. तब्येत ठीक असेलच, तुला काय धाड भरली आहे. अकरा वर्षं ताडपत्रीखाली पडलेल्या बाबांच्या गाडीचं इंजिन अखेर मी उघडलं. हेड घासून आणलं, ब्लॉक साफ केला, हेड नि ब्लॉकच्या मधे बसते ती गॅसकेटची चकती नवी आणली. पंधराला, रविवारी, हेड बसवणार. बाबांनी ऐंशी ओलांडली; कान शाबूत आहेत तोवर त्यांना इंजिन ऐकवायचं आहे.

बोल्ट मोजून आवळायचा त्यांचा टॉर्क पाना तुझ्याकडे आहे, तो पाठव. तू येऊ नकोस. मागच्या वेळी बोल्ट मी आवळत होतो, तुला नुसते कुठला बोल्ट कितवा ते आकडे म्हणायचे होते. दहा बोल्ट, मधून बाहेर, तीन फेऱ्या. तेही धड जमलं नाही. पाणी उकळलं, हेड वाकलं नि बाबा भर रस्त्यात अडकले.

कळावे. लोभ आहे तेवढा पुरे.

दादा

ता. ७ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पाना मिळणार नाही. चूक माझीच धरून बाबांनी माझ्याकडून गॅरेजची किल्ली काढून घेतली, तेव्हा तू शेजारी मूग गिळून उभा होतास.

आकडे मी बरोबर म्हटले होते. गॅसकेटवर ‘टॉप’ असं लिहिलेली बाजू वर हवी; उलटी पडली की पाण्याची भोकं झाकली जातात. आता तू हेड उचललंस तेव्हा जुन्या गॅसकेटची ती बाजू वर होती की खाली? एवढं बारीकसारीक लिहिलंस, नेमकं तेवढंच राहिलं. ती ठेवली होतीस तू. मी तेव्हाच म्हणालो होतो, एकदा बघ. तू म्हणालास, तू फक्त आकडे म्हण.

आधी बाबांना खरं सांग, मग पाना माग. त्यांना नमस्कार. तुला वर केला तेवढाच.

धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. खाली होती. खरवडताना दिसलं, तेव्हापासून ‘टॉप’ लिहिलेला तो तुकडा खिशात घेऊन फिरतोय. तुझं पत्र आलं नसतं तर कुणाला सांगितलंही नसतं.

काल बाबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, धाकटा इतकी वर्षं आला नाही तो यामुळेच का. मी हो म्हणालो. त्यांनी उठून किल्ली आणून दिली, ती सोबत आहे. मला लाज वाटते, पण म्हणून तू डोक्यावर बसू नकोस. तुझा त्या वेळचा फुगलेला चेहरा मी विसरलेलो नाही.

रविवारी नऊला पाना घेऊन ये. बोल्ट मी आवळीन, आकडे तू म्हण. गॅसकेटला मात्र मी हात लावणार नाही. ती तूच ठेव.

लोभाचं नंतर बघू.

दादा