खाऱ्या पाण्याचा निचरा

दुर्गाघाट, वाराणसी
६ सप्टेंबर १९९८

चि. देवश्री हीस अनेक आशीर्वाद.

पहिला कागद फाडावा लागला. सवयीने हात 'चि. सौ.' लिहून गेला होता. राग मानू नकोस.

मी आणि प्रमोदिनी ठीक आहोत. पूर ओसरला, घाटावरचा गाळ काढणं चालू आहे. तुझ्या सासूबाईंचा गुडघा तसाच. नागपूरला तुझी नवी शाळा सुरळीत चालली असेल.

मुकुलची माशांची टाकी अजून चालू आहे. तुला वाटलं असेल, देऊन टाकली. पण घेणार कोण? बनारसमध्ये समुद्राचे मासे आणि जिवंत प्रवाळ घरात सांभाळणारा तोच एक वेडा. आता मी रोज सकाळी पाण्याचा खारेपणा मोजतो, मासे खातात, मी बघतो. विशेष काही वाटत नाही.

गेल्या महिन्यात मात्र घोटाळा झाला. वरच्या टाकीतलं पाणी एकाच पाईपातून खालच्या टाकीत उतरायचं, तिथे गाळलं जायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. त्या पाईपात गोगलगाय अडकली. पंप पाणी वर ढकलत राहिला, खाली काही उतरेना. दुपारी झोपून उठलो तर खोलीभर पाणी, मुकुलची पुस्तकं भिजलेली. ते पाहूनही मला रडू आलं नाही. पोछा घेऊन बसलो.

मग ठरवलं, हे नीट करायचं. तीस वर्षं कारखान्यात पाईपच जोडले. आता दीड इंची दोन पाईप टाकले आहेत. एकातून सगळं पाणी जातं. त्याचा व्हॉल्व्ह जरा आवळला की तो भरून वाहतो आणि गुडगुड बंद होते. दुसऱ्याचं तोंड थोडं उंच, तो कोरडाच राहतो. पहिला तुंबला तरच त्यात पाणी शिरेल. खालची टाकीही मोठी केली, कारण बिजली गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी खाली येतं, ते मावायला हवं. मुद्दाम बटण बंद करून पाहिलं. काठाखाली चार बोटांवर थांबलं.

हे सगळं तुला कशाला सांगतो आहे? दुसरं सांगायचं आहे म्हणून.

शेवटचा सांधा जोडत होतो तेव्हा तुझं पत्र आलं. प्रमोदिनी शेजारी वेताच्या मोढ्यावर बसून मोठ्याने वाचू लागली. सोल्यूशन लावलं की पाईप न हलवता थोडा वेळ धरून ठेवावा लागतो. मी धरून होतो आणि ती वाचत होती, "आई, त्या सकाळी मी 'जा, त्या टाकीतच जाऊन राहा' म्हटलं नसतं, तर मुकुल रागाने बाहेर पडला नसता."

माझ्या हातात पाईप फिरला, सांधा वाकडा बसला.

"काय झालं?" प्रमोदिनीने विचारलं.

"ती चुकीचं लिहितेय. तो रागाने नाही गेला. मी पाठवलं त्याला."

तिने पत्र मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "नऊ महिने? नऊ महिने त्या पोरीला हे सोसू दिलंत?" तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते. आज सकाळी कागद आणि पेन समोर आणून ठेवलं.

झालं ते असं. तुमचं भांडण झाल्यावर मुकुल खाली आला, माझ्याजवळ बसून चहा प्यायला. रागावलेला नव्हता. हसून म्हणाला, "बाबा, देवश्रीचं खरं आहे. तिच्यापेक्षा जास्त वेळ मी टाकीला देतो. येताना तिच्या आवडीची मिठाई, मलइयो आणतो, म्हणजे बोलेल." मुंबईहून माशांचं पार्सल पहाटे मुगलसराय स्टेशनवर येऊन पडलं होतं. बाहेर धुक्यात समोरचं घर दिसत नव्हतं. तो म्हणाला, "कोहरा छटू दे, दहाला निघतो."

मी म्हणालो, "तोवर पिशवीत मासे मरतील. कोहऱ्याला काय घाबरतोस? तुझ्या वयात मी सायकलने जायचो."

त्याने कप ठेवला आणि स्कूटरची किल्ली उचलली.

पुलापलीकडे कोहऱ्यात ट्रक उभा होता. पुढचं तुला माहीत आहे. पार्सल दुसऱ्या दिवशी कुणीतरी आणून दिलं. मासे जिवंत होते.

घरात माणसं जमली होती तेव्हा तू म्हणालीस, "माझ्यामुळे झालं." मी समोरच उभा होतो, गप्प राहिलो. पुढे तू तेच सगळ्यांना सांगत राहिलीस. नागपूरला जायला निघालीस तेव्हा स्टेशनवर सोडायला मीच आलो होतो. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. तेव्हाही बोललो नाही.

माफीची दोन वाक्यं लिहिली होती. लिहिताना आत काहीच हललं नाही, तुला खोटी वाटतील म्हणून खोडली. तो तुझ्यावर रागावून गेला नाही, एवढं मात्र खरं आहे. हे पत्र तुझ्या आईवडिलांनाही वाचायला दे.

उत्तर प्रमोदिनीच्या नावाने लिही, ती वाट पाहते आहे. मला लिहायचं की नाही ते तुझं तू ठरव.

मुकुलला त्या सकाळी घराबाहेर पाठवणारा,
रत्नाकर